बाबा, नवरा आणि काडतुसांचा प्रेस

माझे बाबा पुण्याजवळच्या एका दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. नोकरीभर त्यांनी काडतुसं हातात घेऊन फिरवून पाहिली आणि वाकडी निघाली ती बाजूला टाकली. आई गेल्यावर मी त्यांना आमच्याकडे परदेशात, ग्वेल्फला बोलावून घेतलं. आमच्या बेसमेंटमध्ये काय मांडून ठेवलंय, हे मात्र फोनवर बोलायचं राहूनच गेलं.

माझा नवरा सॉफ्टवेअरमधला. ऑफिसमधल्या मित्रामुळे त्याला नेमबाजीचा नाद लागला. लायसन्स काढलं, क्लबचा मेंबर झाला. मग विकतच्या काडतुसांनी नेम मनासारखा बसेना, म्हणून घरीच काडतुसं भरायला लागला. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसशेजारच्या खोलीत टेबल आणि त्यावर हँडल ओढून चालवायचा लोखंडी प्रेस. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करून त्यांत नवी दारू भरायची आणि वर गोळी दाबून बसवायची. खोलीला कुलूप आहे ना, एवढंच मी बघायची.

बाबा आले तेव्हा थंडी सुरू झाली होती. सासरे-जावई एकमेकांशी फार अदबीनं वागत.

"जावईबापू, आज बर्फ पडणार म्हणतात."

"हो बाबा, ड्राइव्हवे शोव्हल करावा लागेल."

बोलणं तिथंच संपायचं.

एका शनिवारी बाबा ड्रायरमधले लोकरीचे मोजे आणायला खाली गेले ते वर आलेच नाहीत. जाऊन पाहते तर कुलपाची खोली उघडी, नवरा आत काम करतोय आणि बाबा त्याच्या टेबलापाशी उभे. हातात तयार काडतूस. दिव्याखाली धरून ते बोटांत हळूहळू फिरवत होते.

"जावईबापू, गोळी वाकडी बसलीय."

"वाकडी?"

"किंचित. पण वाकडी."

नवऱ्यानं काडतूस सरळपणा मोजायच्या गेजवर फिरवलं. काटा हलला. "माहितीये बाबा," तो म्हणाला. "कधीपासून ट्राय करतोय, जमतच नाहीये."

तेव्हापासून दोघांचे शनिवार खालीच जायला लागले. सगळं घट्ट हवं, असं बाबांचं म्हणणं. त्यांनी प्रेसखाली जाड पोलादी पट्टी टाकायला लावली, बोल्ट पिळून पिळून आवळले. टेबल हलायचं थांबलं, पण काटा हलतच राहिला. मग नवऱ्याला वाटलं, उलटंच करून बघू. किचनचा नळ दुरुस्त करताना उरलेली एक रबरी रिंग त्यानं शोधून काढली आणि गोळी बसवणाऱ्या डायच्या, म्हणजे साच्याच्या, नटाखाली घातली. आता डायला केसभर हलून आपसूक मध्यावर यायला जागा मिळाली.

बाबा वैतागले. "अरे, तू ढिलं सोडून सरळ काय बसवणार?"

मी धुतलेले कपडे घेऊन जिन्यावर उभी होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाबांच्या तोंडून जावयाला 'तू' मी पहिल्यांदाच ऐकलं. नवऱ्यानंही ऐकलं. माझ्याकडे बघून तो हसला आणि त्यानं हँडल ओढलं.

या वेळी काटा जागचा जवळजवळ हललाच नाही. बाबांनी ते काडतूस स्वतः पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं, चष्मा काढून स्वेटरला पुसला, परत पाहिलं.

"पास," ते म्हणाले.

बर्फ वितळल्यावर आम्ही तिघं क्लबवर गेलो. शेतांच्या मधोमध मातीचा उंच बांध आणि त्याच्यासमोर लक्ष्यं. नवऱ्यानं मारलेल्या गोळ्यांची भोकं अंगठ्याखाली झाकतील इतकी जवळजवळ पडली. तो कागद घेऊन पोरासारखा धावत आला.

"बाबा, तुम्ही मारता का एक? मी शेजारीच बसतो."

"मी? मी कधीच गोळी झाडलेली नाही."

शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुझ्या बाबांना नेम धरता येतो का? मी छाती फुगवून हो म्हणायची. त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

"आमचं काम गेटच्या आतलं," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "दाखव कसं धरायचं."

नवऱ्यानं बंदूक त्यांच्या खांद्याला नीट टेकवून दिली, कानावरचं संरक्षण सारखं केलं. बाबांनी बराच वेळ घेतला. गोळी सुटली, त्यांचा खांदा मागे गेला आणि ते डोळे मिटून बसून राहिले.

"लागलं का हो बाबा?" मी घाबरून विचारलं.

"नाही गं." त्यांनी बंदूक हळूच खाली ठेवली. "केवढा धक्का असतो. आम्ही किती पाठवली असतील."

नवऱ्यानं दुसरं काडतूस पुढे केलं. बाबांनी मान हलवली आणि त्याचा हात नुसता थोपटला. लक्ष्य बघायला ते गेलेच नाहीत.

पुढच्या शनिवारी मला वाटलं, आता काही ते खाली जायचे नाहीत. पण चहा झाल्यावर दोघंही गेले. दारामागून त्यांची वादावादी ऐकू येत होती, अगदी मोकळ्या आवाजात.

बाबा पुण्याला परतले आणि पुढच्याच वर्षी गेले. नवरा आता क्वचितच काडतुसं भरतो. तेव्हा अगदी लहान असलेल्या आमच्या मुलीनं परवा विचारलं, "डिड आजोबा लाइक शूटिंग?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना तुझ्या बाबाबरोबर बेसमेंटमध्ये बसायला आवडायचं."