आत्याने ठेवलेलं नाव

माझ्या भाच्याचं बारसं माझ्या शिक्षणामुळे बिघडलं, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे.

तेव्हा मी सकाळी बीबीएचं कॉलेज आणि दुपारी कंपनी सेक्रेटरीचा क्लास असं दोन्ही एकदम करत होते. कोसाडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बीबीए कुणाला कळायचं नाही, आणि सेक्रेटरी म्हटलं की लोक पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन यायचे.

क्लासमध्ये नुकतंच शिकवलं होतं की कंपनीला आधी कुणी घेतलेलं, किंवा तसं ऐकू येणारं नाव ठेवता येत नाही. कॉलेजात शिकवलं होतं की नाव आखूड आणि लक्षात राहणारं हवं. मी दोन्ही नियम बाळाला लावले.

"आरव," दादा म्हणाला.

"दुसऱ्या मजल्यावर आहे."

"मग विहान?" वहिनीने विचारलं.

"समोरच्या रिहानसारखं वाटतं."

"ज्ञानेश्वर?" दादा म्हणाला.

"लांब आहे."

आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पोऱ्याले नाव ठेवनं शे का कंपनीले?"

शेवटी बारशाच्या सकाळी 'ईशान' ठरलं. धुळ्याहून नातेवाईक आले, पाळणा सजला. शेजारच्या गुजराती काकी म्हणाल्या, "चालो फोई, नाम बोलो." फोई म्हणजे आत्या, म्हणजे मी.

मी बाळाच्या कानाशी वाकले आणि बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. (वहिनीची मामी साड्यांचे गठ्ठे उचलते. तिचा हात पाठीला आजही आठवतो.) पहिल्याच धपाट्याला नाव डोक्यातून उडालं. जरा थांबा, एवढंच मला म्हणायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी क्लासची परीक्षा होती, रात्रभर सभेचे नियम पाठ केले होते. तोंडातून मोठ्याने निघालं,

"तहकूब."

धपाटे थांबले.

"काय म्हने?" आईने विचारलं.

"तहकूब," मामीने सांगितलं.

"जुनं नाव दिसतं," धुळ्याचे काका म्हणाले. "संस्कृत असेल."

"बहु सरस नाम छे," म्हणत काकींनी पेढे वाटायला घेतले. मी "अहो, ईशान, ईशान" म्हणत त्यांच्या मागे फिरले, पण तोवर बायकांनी पाळणागीतात तहकूब बसवून टाकला होता.

शाळेत तो ईशान आहे, नातेवाइकांत तक्कू. मी दोन्ही परीक्षा पास झाले. आता मोठमोठ्या कंपन्यांचे ठराव माझ्या हातून जातात. गेल्या महिन्यात वहिनीला मुलगी झाली. नाव ठेवायला दादाने नवसारीच्या चुलत बहिणीला बोलावलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू पण ये," दादा म्हणाला. "जेवायच्या वेळेला."