कपाटातला बल्ब

माझा गेम ताईनं मोडला, ही आमच्या घरातली पक्की गोष्ट. दारासमोर फणस आहे, नळाला सकाळी सहाला पाणी येतं आणि गेम ताईनं मोडला, तितकी पक्की. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, ताई तेरा. आता मी चाळिशी ओलांडली, ताईचे केस पांढरे झाले, तरी दिवाळीला सगळे जमले की कुणीतरी विषय काढतंच. सगळे हसतात. ताईपण हसते. सगळ्यांत जोरात मी हसायचो, हे आधीच कबूल करून टाकतो.

गेम म्हणजे हातात मावणारा ब्रिक गेम. मामानं आणलेला, करड्या रंगाचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून खाली नीट बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी व्हायची. बस, एवढंच. पण चालू केला की आधी एक चिमुकली धून वाजायची, आणि ती धून मला इतकी वर्षं अर्धीच आठवत होती. दात घासताना यायची, तुंगार्लीच्या तळ्याच्या कडेनं चालताना यायची. चार सूर यायचे आणि पुढचं काही केल्या सापडायचं नाही. एखाद्याचा चेहरा आठवावा आणि नाव आठवू नये, तसं व्हायचं.

यंदा गणपतीच्या आधी आईनं माळा आवरायला काढला. आई मूळची कुरवंड्याची, लोणावळ्यात राहून पन्नास वर्षं झाली तरी बोली तिकडचीच. माळ्यावरनं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली आला, आणि त्यात माझा गेम.

"ह्ये बग तुजं डबडं. पोरीनं मोडल्यालं. टाकू का?"

"टाकू नकोस," मी म्हणालो. मी तो हातात घेतला आणि माझे दोन्ही अंगठे आपोआप आपापल्या जागी जाऊन बसले. ते विसरले नव्हते. मला गहिवरून आलं, आणि गहिवर लपवायला मी म्हणालो, मी हा दुरुस्त करणार.

बायको म्हणाली, "मिक्सर दोन महिने पडलाय. त्याला कधी मुहूर्त?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. तारा, सोल्डरिंग वगैरेशी माझा काडीचा संबंध नाही. पण मनात एक खोडी आली होती. भाऊबीजेला वडगावला ताईकडे जायचं, तिनं ओवाळलं की ताटात हा चालू गेम ठेवायचा आणि म्हणायचं, घे, तू मोडलेला मी जोडला. सगळे पोट धरून हसतील. खरं सांगतो, त्या वेळी मला त्यात काही वाईट दिसलं नाही.

तर रविवारी सकाळी खिडकीजवळ टेबल ओढून बसायचो. बाहेर धुकं असायचं, समोरचा फणस असून नसल्यासारखा. मागचे चार स्क्रू काढले. आत कुणीतरी विसरलेले दोन सेल फुटून त्यांची हिरवी-पांढरी पूड झालेली. ती व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशनं घासली. बटणांखालची रबरं साबणाच्या पाण्यात धुऊन फडक्यावर मांडली. इतकं हळू काम मी आयुष्यात कधी केलेलं नाही. अकरा वाजायचे, बायको जेवायला हाका मारायची आणि मला वाटायचं, आत्ताच तर बसलो. बाहेरचं धुकं कधी खिडकीतून टेबलावर यायचं, चष्म्यावर बसायचं. मी तो पुसायचो आणि त्या पुसण्यात कुठल्या वर्षातला रविवार आहे याचा मला पत्ता नसायचा.

तिसऱ्या रविवारी नवे सेल घातले आणि बटण दाबलं. धून वाजली. पूर्ण. पाचवा सूर वर जात असेल असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो, तो खाली उतरत होता. मी ती सात-आठ वेळा वाजवली. आई स्वयंपाकघरातनं येऊन दारात उभी राहिली. "आगं बया, ह्यो तर तसाच वाजतोय," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून परत गेली.

पडदा मात्र गेलेला. मधोमध मोठा काळपट डाग, कडेला फक्त एक ठोकळा सरकताना दिसायचा. काच फुटलीय, ताईच्या हातून पडला तेव्हाच फुटली, हे मला ठाऊकच होतं. तरी बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. माझ्याच वयाचा माणूस. त्यानं डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

"सर, काच शाबूत आहे. वरची फिल्म जळलीय. ती बदलली की पडदा येईल."

"जळलीय कशी? तो पडला होता."

"पडून असं होत नाही," तो म्हणाला. "गरम जागी राहिलाय हा. हे बघा ना," आणि त्यानं पडद्याभोवतीच्या चौकटीवर नख फिरवलं. तिथं बारीक बारीक चौकोन उमटलेले होते. मी ते पाहिले होते. मला ती कंपनीची नक्षी वाटली होती. "प्लॅस्टिक मऊ होऊन जाळीचे ठसे आलेत. कशावर पालथा ठेवला होता?"

फिल्म मागवायला सांगितली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

लोणावळ्याबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. इथं पावसाळ्याचे चार महिने धुकं घरात मुक्कामाला येतं. कपड्यांना बुरशी, चपलांना बुरशी, वह्यांची पानं मऊ पडलेली. म्हणून लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात साठचा बल्ब लावून ठेवायची पद्धत. कपडा बल्बला लागू नये म्हणून बाबांनी वर तारेची चौकोनी जाळी ठोकली होती. कपाट उघडलं की पिवळा उजेड अंगावर यायचा आणि कोरड्या, उबदार कापडाचा वास. पावसाळ्यात सूर्य आमच्या कपाटात राहायला येतो, असं मला तेव्हा वाटायचं. तोंड आत घालून मी तिथंच उभा राहायचो, आई ओरडेपर्यंत.

त्या पायरीवर मला सगळं दिसायला लागलं. पावसात गेम बाहेर नेलास तर बघ, ही बाबांची ताकीद. आणि मी तो शर्टाच्या आत घालून तळ्याच्या भिंतीवर नेलेला. भुरभुर पाऊस, समोर पाणी नाही, डोंगर नाही, नुसतं पांढरं, आणि माझ्या हातात तेवढे काळे ठोकळे पडताहेत. मी किती सुखात होतो ते सांगता येणार नाही. घरी आलो तर पडद्याच्या आत पाण्याचा थेंब. मग मी कपाट उघडलं, गेम जाळीवर पालथा ठेवला, वर बाबांचा सदरा टाकला आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना आठवण झाली. काढला तेव्हा तो भाकरीसारखा गरम होता. तसाच गाद्यांच्या घडीत खुपसला. पडद्याकडे पाहिलं का? पाहिलं असणार. घाईत नीट दिसलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं असणार.

संध्याकाळी ताईनं गाद्या घालायला घेतल्या. घडीतून गेम फरशीवर पडला. तिनंच उचलला, तिनंच चालू केला, आणि पडद्यावर काळा डाग.

"ताईनं मोडला," मी ओरडलो. मीच.

बाबांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर परवडलं असतं, दोन दिवसांत विसरली असती. बाबा एवढंच म्हणाले, "हिच्या हातात काही देत जाऊ नका." आई म्हणाली, "येंधळीच हाय पोर." आणि तेव्हापासून ताई वेंधळी. गणपती आणताना मूर्ती माझ्या हातात, ताईच्या हातात टाळ. पाहुण्यांना कपबशा नेऊन द्यायच्या तर आई स्वतः उठायची. माझी मुलगी झाली तेव्हा ताई बाळ बघायला आली आणि म्हणाली, "थांब, आधी मी खाली बसते, मग मांडीवर दे." आम्ही हसलो होतो. वेंधळी आहे, पण स्वतःला ओळखून आहे, असं कुणीतरी म्हणालं. तो कुणीतरी मीच होतो.

दहा दिवसांनी फिल्म आली. जुनी फिल्म मी ब्लेडनं सोलली, खालचा चिकट थर पुसायलाच दोन रविवार गेले. खाली काच अगदी स्वच्छ निघाली. नवी फिल्म आधी आडवी बसवली गेली तर सगळंच उलटं दिसायला लागलं, काळा पडदा आणि त्यावर पांढरे ठोकळे. फिरवून परत बसवली. बाहेर ऊन पडलं होतं. पावसाळा संपून आठवडा झाला होता आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. गेम सुरू झाला, ठोकळे पडायला लागले, सरळ, काळेभोर. मी एक ओळ भरली आणि बंद केला. मला खेळवेना.

ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला ती खोडी आता करता येणार नव्हती. सांगावं तर लागणार होतं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलंही नसतं, हाही विचार आला, नाही असं नाही. साधं एक वाक्य, पण मी ते आंघोळ करताना, पेपर तपासताना, वडगावच्या गाडीत बसल्यावरही जुळवत होतो आणि ते जुळत नव्हतं.

भाऊबीजेला ताई घरी एकटीच होती. दाजी मुलांना घेऊन त्यांच्या बहिणीकडे गेलेले. तिनं ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली. मग तिनं फराळाचं आणि चहा पुढं ठेवला, आणि मी पिशवीतून गेम काढून टीपॉयवर ठेवला.

"अगं बाई," ती म्हणाली. "जोडलास?" आणि नेहमीसारखी हसायच्या तयारीत तिनं तोंड उघडलं.

मी सांगितलं. तळं, शर्ट, जाळी, बाबांचा सदरा, सगळं. चौकटीवरचे ठसे दाखवले. वाकून बघितलं तिनं, हात लावला नाही.

"पण मी पाडला होता," ती म्हणाली. "आवाज झाला होता. तो मला अजून ऐकू येतो."

"पडून तो बिघडला नाही ताई. आधीच गेला होता. मी घालवला होता."

खाली रस्त्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, ती वाजून संपली. चहावर साय धरली. ताई चिडेल असं मला वाटलं होतं, रडेल असंही वाटलं होतं.

"मग मी स्कूटी शिकले असते रे," ताई म्हणाली.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी दाजींनी तिच्यासाठी स्कूटी आणली होती. एकदा मैदानात नेऊन बसवलं तर तिनं दहा पावलांवर उतरून किल्ली परत दिली. माझ्या हातून सुटेल, कुणाला तरी लागेल, म्हणाली. तेव्हापासून ती तहसील कचेरीत कामाला पायी जाते, पायी येते, हायवे ओलांडून, पावसात छत्री धरून. वीस वर्षं. ताईला चालायची आवड आहे, असंच आम्ही धरून चाललो. चालण्यामुळंच तिची तब्येत चांगली आहे, असं मी चारचौघांत मोठ्या डॉक्टरच्या थाटात सांगत आलो. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. तिनं मला गप्प केलं नाही की पाणीही आणून दिलं नाही.

मग तिनं हात पुढे केला आणि टीपॉयवरचा गेम उचलला.

"सांभाळून," मी म्हणालो.

ते माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. आम्ही दोघांनीही ते ऐकलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं. आईनंही कधी रागावून तसं पाहिलं नव्हतं.

"तू गप बस," ती म्हणाली.

ती गॅलरीतल्या खुर्चीवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. धून वाजली. फिरवायचं बटण कुठलं, एवढं तिनं एकदा विचारलं, मी सांगितलं, पुढं तिला माझी गरज पडली नाही. दुपार कलली, उन्हं गॅलरीतून आत आली, माझ्या पायापर्यंत पोचली. ओळ भरली की गेम बारीक आवाज करायचा आणि ताईचे खांदे जरा वर व्हायचे. मी चकल्या खात बसून होतो. मी दोनदा म्हटलं, दे ना आता. तिनं दिला नाही.