पांढरा घाम

कर्करोगाच्या रोग्यांसाठी पैसे जमवायला तापीकाठच्या आमच्या शाळेपासून नंदुरबारपर्यंत बारा मैल धावेन, अशी फुशारकी मी मारली होती. तेव्हा मी नवा मास्तर होतो. सरावाला निघालो की रोज सकाळी कापूस घेऊन नंदुरबारच्या जिनाकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघालेला एक गाडीवान भेटे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. विडी पेटवण्याआधी तो परवानगी मागितल्यासारखी बैलांच्या पाठीवर थाप मारी आणि मला विचारी, "मास्तर, मांगे कोन लागनं?"

लोक धावण्याचे पैसे देणार आहेत, असं मी एकदा सांगितलं. तो म्हणाला, "बठीसन गयात ते नही देतस?" बसून गेलो तर देणार नाहीत का, हे मला सुचलंच नव्हतं.

खऱ्या दिवशी नवव्या मैलावर पोटऱ्यांत गोळे आले. रस्त्यावर कुणी नव्हतं. मागून त्याची गाडी आली. त्याने कापूस बाजूला सारला, आणि मी लाज सोडून आत शिरलो. मैलभराने उतरलो, नि उरलेलं अंतर ऐटीत धावलो.

जिनाच्या फाटकाशी हार पडले, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून पोचलेल्या गाडीवानाने माझ्या कानामागचा कापसाचा पुंजका उपटला आणि मोठ्याने म्हणाला, "मास्तर, तुमना घाम ते पांढरा निंघना!"

माझा चेहरा उतरला. त्याने मदतीच्या पेटीत रुपया टाकला आणि कानाशी पुटपुटला, "रोगीले काय समजस, रुपया पयत वना का गाडीमा बठीसन वना?" पळत आलेला रुपया नि बसून आलेला रुपया, रोग्याला दोन्ही सारखेच.

मी गळ्यातला हार काढून त्याच्या बैलाला घातला. लोकांना तो माझा विनय वाटला.