पिवळेपणा काढलेला हिरा

देवासच्या त्या सराफाचं नाव मला ठाऊक नाही. हिरा दाखवताना तो पांढऱ्या कागदाच्या घडीत उलटा ठेवायचा. रंग तसाच कळतो म्हणे. त्या दिवशी मी जोडवं सांधून घ्यायला गेले, तेव्हा एक बाई होणाऱ्या सुनेसाठी अंगठी घेत होत्या.

"हिरा खाणीतलाच आहे, पण पिवळेपणा मशीनमध्ये काढलाय. बिलावर तसं लिहितो," तो म्हणाला.

"अरे भिया," बाई माळवी ढंगात म्हणाल्या, "ते कशाला? व्याही बिल बघतील!"

"म्हणूनच लिहायचं."

"मग मी धारच्या सराफाकडून घेईन."

"खुशाल घ्या."

बाई तरातरा निघून गेल्या. एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं, तरी त्याने शांतपणे हिरा पुडीत बांधला आणि माझं तुटकं जोडवं हातात घेतलं.

"ताई, सांधून देतो, पण जोड दिसेल. आधीच सांगतो."

मी अनोळखी माणसांशी बोलत नाही. तरी म्हटलं, "दिसू द्या."