चिरलेलं अंगुस्तान

थोरलीच्या बोटांना गाठी आल्या, तेव्हा घरात कोणालाच नवल वाटलं नाही. आईच्या बोटांना तशाच होत्या, नखांच्या अलीकडे, टणक आणि हट्टी. आईनं जन्मभर कोट शिवले आणि थोरली तिच्याच दुकानात कोटांची काजं हातानं करत आली. मग काय, सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की बोटं शिवणानं खाल्ली. म्हणून तर आईनं धाकटीला सुईच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नव्हतं. धाकटी शाळेत भूगोल शिकवायची आणि तिचं तुटलेलं बटणसुद्धा थोरलीच लावून द्यायची.

थोरली हार मानणारी नव्हती. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान गाठीवरून जाईना, तर तिनं ते पकडीनं चिरलं आणि चिंधीनं बोटाला बांधलं. कात्रीच्या मुठीला जाड कापड गुंडाळलं. सकाळी बोटं आखडलेली असत. त्यांना शिव्या घालतच ती कामाला बसे. पण आईच्या रडण्यापुढे तिचं काही चालेना.

"मीच तुला या कामाला जुंपलं. आता तरी पुरे कर," आई रोज म्हणे. शेवटी वैतागून थोरली हो म्हणाली. शिवणाचं मशीन विकत न्यायला माणूस रविवारी यायचा होता.

रविवारी धाकटी मदतीला आली. मशीन दाराशी सरकवायचं होतं.

"हातमोजे काढ की, निसटेल," थोरली म्हणाली.

धाकटीनं नाइलाजानं हातमोजे काढले. थोरली बघतच राहिली. त्याच गाठी आणि करंगळीचं तसंच वाकडं टोक.

"कधीपासून गं हे?"

"झाली दोन वर्षं. डॉक्टर म्हणाले, घराण्यातच आहे. कामानं थोडीफार भर पडते, पण मूळ रक्तातलं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही मला एवढं जपलंत. कोणत्या तोंडानं सांगू?"

"काम बंद करा म्हणाले का ते?"

"छे! बोटं हलती ठेवा म्हणाले. फार दुखलं तर जरा थांबायचं."

आई खुर्चीत बसली. "म्हणजे माझ्याकडूनच आलं हे. दोघींनाही."

"आलं तर आलं!" थोरली कडाडली. तिला आईची दया येत होती आणि रागही येत होता. "तुझ्या गाठी मी मुकाट्यानं घेतल्या ना? मग तुझं शिवण का सोडू? ते तर मला आवडतं!"

तेवढ्यात मशीन न्यायला माणूस आला. तिनं त्याला दारातूनच वाटेला लावलं. बिचाऱ्याला आपलं काय चुकलं तेच कळेना.

धाकटीच्या कोटाचं एक बटण लोंबत होतं. तिनं ते चाचपलं आणि आईकडे पाहिलं.

"मी लावू?" पन्नाशीच्या बाईनं लहान मुलीसारखं विचारलं.

आईनं डोळे पुसले आणि सुयांची डबी तिच्यापुढे सरकवली. थोरलीनं खणातून दुसरं अंगुस्तान काढलं, धाकटीच्या बोटाला लावून पाहिलं आणि पक्कड उचलली.