सलीलचे काळे टमाटर

सलील मोटरसायकल काढून यवतमाळला निघाला की माझ्या मनात एकच गोष्ट येते. सिग्नलवर याला कळेल ना? मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, गाडी माझ्यापेक्षा आणि त्याच्या बाबांपेक्षा नीट चालवतो. "आई, वरचा दिवा म्हणजे थांब, खालचा म्हणजे जा. दिवे काही जागा बदलत नाहीत," असं त्यानं मला कितीदा तरी समजावलं आहे. मला समजतंही. तरी फाटकाची कडी वाजेपर्यंत मी घरात उगाच काहीतरी आवरत बसते.

सलीलला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनच. पण आम्हाला ते कळायला तो इंजिनिअरिंगचा डिप्लोमा होऊन बाहेर पडावा लागला.

खुणा लहानपणापासून होत्या. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, त्याच्यासाठी बैल आणला होता. बैल तपकिरी रंगवायचं ठरलं आणि यानं तो हिरवागार करून आणला. आमच्या बाभुळगावच्या चौकात सगळ्या पोरांच्या रांगेत तो हिरवा बैल उभा. परीक्षकांनी कल्पकतेबद्दल त्याला स्टीलची वाटी दिली. "बैलाला चारा जरा जास्त झाला," असं हे म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. मिरच्या तोडायला पाठवलं तर लाल-हिरव्या एकत्र घेऊन यायचा, आम्ही त्याला वेंधळा म्हणायचो. मग तो हुशार झाला. रंगकांडीवरचं नाव वाचून रंग भरायला लागला. शर्ट घेताना मित्राला पुढे करायला लागला. आणि आम्हाला वाटलं, पोराचा वेंधळेपणा गेला.

त्याला रेल्वेत इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षा पास झाला. त्याच्या बाबांनी ऑफिसात पेढे वाटले. मग डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं. "बाकीच्यांना त्यात आकडे दिसतात, आई. मला नुसते ठिपके दिसले," एवढंच तो घरी येऊन बोलला. यवतमाळच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा आजार नाही, याला औषध नाही, आणि मुलाकडे हे आईकडून येतं. तेव्हा मला माझे वडील आठवले. बाजारात टमाटर घ्यायचे झाले की ते मला सोबत न्यायचे. "अनघा, तू निवड बरं, तुझा हात चांगला आहे," म्हणायचे. मला किती मोठेपणा वाटायचा. त्यांनाही पिकलेला टमाटर ओळखता येत नसणार आणि त्यांनी ते जन्मभर कुणाला सांगितलं नाही.

सलीलनंही तेच केलं. "जागाच कमी निघाल्या," असं लोकांना सांगितलं. आम्ही मान डोलावली. जवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन फिटर म्हणून लागला, कामात वाकबगार निघाला, पण घरी आला की खोलीत. बाजारात जाणं बंद. मित्र आले तर, झोपलोय म्हणून सांग. नोकरी हुकल्याचं दुःख मी समजू शकत होते. पण आपल्याला जसं दिसतं ते आयुष्यभर झाकत राहायचं असं त्यानं ठरवलंय की काय, या धास्तीनं मला झोप लागेनाशी झाली होती.

गेल्या पोळ्यानंतर एके दिवशी पोस्टानं पाकीट आलं. त्यात बियांच्या चार पुड्या. घराच्या मागे न्हाणीच्या पाण्यावर माझा सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, आणि वांग्याचा वाफा होता, त्यातला अर्धा त्यानं मागून घेतला. चारी वाण परदेशी, जुने, बी धरून पुन्हा लावता येणारे, आणि चारी काळपट. ब्लॅक क्रिम, चेरोकी पर्पल, ब्लॅक चेरी आणि जपानी ट्रायफेल.

"काळे टमाटर?" हे म्हणाले. "अरे, लाल मिळत नव्हते का बाजारात? लोक विचारतील, साहेबांच्या घरी करपा आला का म्हणून."

"लोकांना सांगा, फॉरेनचा करपा आहे," सलील म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून थट्टा ऐकली, म्हणून मी वाफ्याबद्दल काही बोलले नाही.

रोपं त्यानं तुराट्यांना बांधली. क्रिमची फळं एवढी जड झाली की तुराट्या वाकल्या, मग बांबू आणले. डिसेंबर सरता सरता फळं रंगायला लागली आणि माझी पंचाईत झाली. या टमाटरांचे खांदे पिकल्यावरही हिरवेच राहतात. खालची बाजू जांभळट-तपकिरी होते, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखी. मी एक काळा झालेला तोडला तर आत कच्चा, आंबटढाण. दुसरा अजून लाल होईल म्हणून ठेवला तर तो झाडावरच तडकला. मी तोडणं सोडून दिलं.

आज रविवार. सकाळी मी मागच्या दारी गेले तर शेजारच्या बेबीताई आमच्या वाफ्यात. त्यांचं शेत पाटाच्या बाजूला, कपाशी आणि तूर. बाई कामाची, मनाची मोकळी, आणि न विचारता मदत करायची सवय. घमेलं भरत आलं होतं आणि त्यात सलीलचे काळे टमाटर.

"वहिनी, तुम्ही झोपूनच राह्यल्या का?" त्यांनी मलाच विचारलं. "पुरा वाफा सडून राह्यला तुमचा. कपाशीत डोमकळी, अळीनं मिटलेलं फूल, दिसली का तोडून जाळा लागते, नाही तं अळी पुऱ्या वावरात. हे बी तसंच. मी म्हटलं, पोरगा ड्यूटीवर असते, आपणच तोडून टाकू."

चार महिन्यांत कामाशिवाय तो पोरगा खोलीबाहेर आला तो या वाफ्यासाठी. मागे वळून पाहिलं तर सलील दारात उभा. मला वाटलं, आता हा आत जाईल आणि कडी लावून घेईल.

तो चपला घालून खाली आला, घमेल्याजवळ उकिडवा बसला आणि फळं वेगळी करायला लागला. एकेक हातात घ्यायचा, अंगठ्यानं देठाजवळ हलकंच दाबायचा, नाकाला लावायचा आणि उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायचा.

"काकू, हे सडलेले नाहीत. हे असेच असतात. डावीकडचे पिकले, उजवीकडचे दोन-चार दिवस तांदळात ठेवतो."

बेबीताईंनी कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा. काहून सांगतलं नाही कोणी? मी तं जाळाले निघालती." मग त्यांनी दोन्हीकडचे टमाटर निरखून पाहिले. "मले तं दोन्ही सारखेच दिसते. तुले कसं समजते कोणता पिकला?"

"मलेही सारखेच दिसते," सलील म्हणाला. "मले लाल आणि हिरव्यातला फरक दिसतच नाही, काकू. लहानपणापासून. रेल्वेतही त्याच्यापायीच घेतलं नाही. बाजारातला टमाटर मी अंदाजानं उचलतो आणि फसतो. म्हणून हे लावले. याच्यात कोणालेच डोळ्यानं समजत नाही. दाबा लागते, वास घ्या लागते. ते मले येते."

सांगताना त्याचा हात थांबला नाही. मी मात्र दाराची चौकट धरून उभी होते.

बेबीताईंनी पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचे मारोतराव बी तसेच असतीन. लग्नाच्या बस्त्यात मी लाल लुगडं सांगतलं तं हिरवं घेऊन आलते. मी इतके वर्षं समजून राह्यली का हिरवं स्वस्त भेटलं म्हणून आणलं, माणूस चिक्कट हाय."

सलील हसला. नुसतं हसला नाही, मातीत बसकण मारून हसला. आवाज ऐकून हे दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आले.

मग मीठ आणि सुरी आणली. ब्लॅक क्रिम कापला तर आत गडद, हिरवट गर. बेबीताईंनी भीत भीत फोड तोंडात घातली. "याले मीठ कायले लावलं?" "लावलंच नाही, काकू. हा आहेच खारवट." तडकतो फार, रसही फार, पण भाकरीसोबत नुसता खाण्यात त्याची बरोबरी नाही, असं सलीलचं मत. चेरोकी पर्पल मला आवडला. गोड, आणि मागून चुलीवर भाजल्यासारखी एक चव. फळं मात्र मोजकीच लागली. ट्रायफेल पेरूच्या घाटाचा, गर घट्ट, पाणी कमी, तडकत नाही. भाजून लसूण-मिरचीसोबत ठेचला तर हाच, यावर बेबीताईंचं आणि माझं एकमत झालं. चेरी तर बोराएवढी. ती यांनी फेसाच्या तोंडानं उभ्या उभ्या संपवली आणि वर म्हणाले, "पुढच्या वर्षी हीच लाव. बाकीचा करपा नको."

"चेरी उन्हातही थोडीफार धरते, बाबा. पण भरीत कशाचं करणार, चेरीचं?"

शेवटी चेरी आणि ट्रायफेलचं बी धरायचं ठरलं. क्रिमची दोन रोपं सलीलच्या हट्टासाठी. चेरोकीचं एक माझ्यासाठी. बेबीताई उजवीकडचे टमाटर पदरात बांधून, "माह्या घरी बी तांदूळ हाय," म्हणत निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत निम्म्या गल्लीला कळलं असेल की अनघाच्या पोराला लाल-हिरवं दिसत नाही. मला दिवसभर त्याचं काहीच वाटलं नाही. उलट छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं होतं.

दुपारी सलील ओट्याशी येऊन बियांचा गर वाटीत काढत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, ताईला सांगितलंस का?"

ताई म्हणजे गौरी, माझी मोठी, नागपूरला दिली आहे. डॉक्टर म्हणाले होते की हे तिच्याकडेही आलेलं असू शकतं, आणि तिच्याकडून तिच्या मुलाकडे, शौनककडे. मी तिला सांगितलं नव्हतं. सासरचे काय म्हणतील, आणि सलीलचं नाव निघालं की त्याला काय वाटेल, या दोन्हींची भीती. मागच्या महिन्यात गौरी हसत हसत सांगत होती की शौनकनं शाळेत पोपट तपकिरी रंगवला आणि बाईंनी वहीत 'लक्ष देत नाही' असा शेरा मारला. मीही हसले होते, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिले होते.

"नाही सांगितलं," मी म्हणाले.

"सांग. माझं नाव घेऊन सांग. त्याला आत्ताच कळलं तर तो पुढचं काय ते बघून ठरवेल. आणि बाईंनाही कळू दे, पोरगा लक्ष देतो म्हणून." वाटी घेऊन तो बाहेर गेला.

हे लिहिताना घर झोपलं आहे. सलीलच्या खोलीचं दार आज नुसतं लोटलेलं आहे. उद्या सकाळी गौरी शौनकला शाळेच्या गाडीत बसवून येईल आणि चहा घेऊन बसेल, तेव्हा मी तिला फोन करणार आहे. जावई समोर असले तरी करणार आहे, आणि पहिल्यांदा तो पोपट कसा रंगवला होता ते तिला पुन्हा नीट सांगायला लावणार आहे.