बाबा चट्टे शोधायचे

बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. उमरोळीच्या आमच्या घरी अजून कोणी ना कोणी येतं, ओट्यावर बसतं, चहा घेतं आणि म्हणतं, "तुमच्या बाबांची एक गंमत सांगतो." आम्ही हसायला लागतो, आणि शेवटाकडे येता येता सांगणाऱ्याचाच आवाज खाली जातो. असे किस्से माझ्याकडे पोतंभर जमलेत. पुरता हसण्यासारखा एकही नाही. तरी सांगते.

बाबा सरकारी आरोग्य खात्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ होते. गावोगाव फिरायचं, माणसांच्या अंगावरचे फिकट चट्टे शोधायचे, माणसाला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर बॉलपेनचं टोक टेकवायचं आणि विचारायचं, "कुठं लागलं, दाखवा." ज्याला दाखवता आलं नाही त्याच्या दारात पुढे दर महिन्याला गोळ्यांचं पाकीट घेऊन जायचं. गोळ्या वेळेवर पोटात गेल्या तर माणूस ठणठणीत होतो. उशीर झाला तर आजार जातो, पण वाकलेली बोटं सरळ होत नाहीत. नोकरीभर बाबांची सगळी शर्यत त्या उशिराशीच होती.

लोक त्यांना 'डागवाला' म्हणायचे. डागवाल्याची स्कूटर ज्या घरापुढे थांबली, त्या घराशी शेजारी बोलणं टाकायचे. म्हणून बाबा स्कूटर गावाबाहेर लावून चालत जायला लागले. तर लोक त्यांना चालीवरून ओळखायला लागले! डोंगरातल्या एका पाड्यावर एका म्हातारीने त्यांना वाटेतच थांबवलं आणि समजावलं, "तू मानूस चांगला हायस. म्हनून सांगते, आमच्याकडं येऊ नको."

*

एडवणला एक तांडेल होता, स्वतःच्या होडीचा मालक. त्याला बाबांनी पहिली गोळी समोर बसून गिळायला लावली. या गोळीने लघवी लाल होते. बाबा हे प्रत्येकाला आधी सांगायचे, त्या दिवशी घाईत राहून गेलं. दुसऱ्या दिवशी तांडेलाला वाटलं, रक्तच पडतंय. त्याने पाकीट खाडीत फेकलं आणि गावभर सांगितलं की डागवाला विष देतो.

बाबा पुढे चार वेळा गेले. एकदा तर तो होडीतून उतरलाच नाही, बाबा किनाऱ्यावर तासभर उभे. दोन वर्षांनी तो स्वतः आरोग्य केंद्रात आला. जाळ्याचा दोर हातात धरवत नव्हता. म्हणाला, "आता दे गोली."

बाबांनी वर्षभर दिली. आजार गेला, पण बोटं वाकडी ती वाकडीच. होडी विकावी लागली. बाबा म्हणायचे, "मी एक वाक्य विसरलो, आणि माणसाची होडी गेली."

*

बोईसरच्या एका कारखान्यात बिहारचा एक कामगार होता. मुकादम त्याला नेहमी गरम पाइपांजवळ उभा करायचा आणि बाकीच्यांना त्याचं उदाहरण द्यायचा, "इसको देखो, इसको दर्द ही नहीं होता!" बाबा तपासणीसाठी कामगारांच्या चाळीत गेले होते, तिथे हे कौतुक त्यांच्या कानावर पडलं. बाबांना हसू आलं नाही. त्यांनी त्याला बाहेर उजेडात बसवलं. दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर. तळव्याला भाजल्याच्या जखमा, त्याला पत्ताच नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या. पण ही गोष्ट मुकादमापर्यंत गेली आणि त्या कामगाराला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. बाबा कारखान्यात जाऊन भांडले, आजार आता कोणाला लागणार नाही हे पुन्हा पुन्हा सांगितलं, कोणी ऐकलं नाही. गावी जायच्या आधी तो आमच्या घरी आला. पायरीवर उभा राहून शांतपणे म्हणाला, "साहब, मैं तो ठीक था. आपने देखा, तब बीमार हुआ."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

*

डोंगरातलीच एक बाई, पावसाची शेती उरकली की कुटुंबासोबत वैतरणेच्या बाजूला वीटभट्टीवर जायची. गोळ्या मध्येच तुटू नयेत म्हणून बाबांनी तिला तीन महिन्यांची पाकिटं एकदम दिली. मनाला राहवेना, म्हणून महिन्याभरात तिला शोधत निघाले. तीन दिवस भट्ट्या पालथ्या घातल्या. सापडली. पाकिटं सगळी रिकामी! बाबांनी घाबरून विचारलं, एवढ्या गोळ्या एकदम खाल्ल्या की काय?

तिच्या शेजारच्या झोपडीत तिची जाऊ तापाने पडली होती. भट्टीवरच्या अजून दोघी-तिघींचं अंग दुखत होतं. बाई म्हणाली, "सरकारनं चांगली गोळी दिली, ती मी एकटीनं कशी खाऊ?"

बाबांनी नवीन पाकीट आणून द्यायचं कबूल केलं. ते घेऊन गेले तोवर मालकाने ती टोळी दुसऱ्या भट्टीवर हलवली होती. कुठल्या, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढचा पूर्ण हिवाळा बाबा सुट्टीच्या दिवशी भट्ट्यांवर फिरत होते. ती पुन्हा भेटली नाही.

*

माझं लग्न जमवायचं होतं तेव्हाची गोष्ट. पहिलं स्थळ पालघरचं. बोलणी छान चालली होती. मुलाच्या काकांनी बाबांना कामाचं विचारलं आणि बाबा खुलले. कुठल्या पेशंटची जखम स्वतःच्या हाताने कशी धुतली, इथपर्यंत सगळं सांगितलं. काकांनी हातातली पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. त्यांनी चहा घेतला नाही, पाणीही नाही.

दुसऱ्या स्थळाच्या वेळी आईने बाबांना देवापुढे उभं केलं आणि शपथ घालून सांगितलं, "नोकरी सरकारी आहे, एवढंच बोलायचं." बाबा तेवढंच बोलले. लग्न झालं. माझ्या सासरी बाबांचं काम कळलं ते माझा मुलगा वर्षाचा झाल्यावर.

*

त्याच वर्षी मी दिवाळीला माहेरी आले होते. आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, मी शेजारी बसून बोलत होते. मला जळाल्याचा वास आला. मी म्हटलं, आई, भाकरी करपली. तिने तव्याकडे पाहिलं, भाकरी चांगली होती. तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तव्याच्या कडेला टेकलेली होती. ती माझ्याशी बोलतच होती.

मी ओरडले. बाबा बाहेरून धावत आले. त्यांनी भाजलेल्या बोटांकडे बघितलंच नाही. सरळ तिचं कोपर धरलं आणि मागची नस अंगठ्याने चाचपली; या आजारात ती सुजून जाड होते. मग हळूच तिथेच खाली बसले.

"कधीपासून?"

आईने गॅस बंद केला. "पाठीवर चट्टा आला तेव्हा पोरीचं बघणं चाललं होतं," ती म्हणाली. "नंतर म्हटलं, तिचं बाळंतपण होऊ दे, मग नातू वर्षाचा होऊ दे."

दिवाळी संपल्यावर आम्ही तिघं एसटीने निघालो. बाबांचं आरोग्य केंद्र घरापासून दहा मिनिटांवर होतं. आम्ही दोन तास प्रवास करून दुसऱ्या तालुक्यात गेलो. तिथला तंत्रज्ञ तरुण होता, बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने उठून बाबांच्या पायाला हात लावला, आईला तपासलं, रजिस्टर उघडलं आणि पेन धरून वाट बघत बसला.

बाबांनी त्याला बाईचं नाव सांगितलं. ते माझ्या आईचं नव्हतं. गावही आमचं नव्हतं.

त्याने एकदा बाबांकडे पाहिलं, आणि सांगितलं तसं लिहून घेतलं.